दार नसलेला फलक

नीलाक्षी वैरागडे जे लिहायची, ते रोज लाखो वेळा वाचलं जायचं, आणि वाचणाऱ्यांत एकही माणूस नसायचा.

नागपुरातल्या एका कंपनीत ती 'मांडणी' नावाच्या साधनाची माहितीपुस्तिका लिहीत असे. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर कुठलं भांडं हाताशी ठेवायचं आणि कुठलं वरच्या फळीवर टाकायचं, हे घरातलं माणूस ठरवतं. हे साधनही तेच करायचं, फक्त भांड्यांच्या जागी घरातली बटणं होती. शहरातल्या नव्या इमारतींमध्ये दिवे, पंखे, कूलर, गॅस, पडदे, मुख्य दार, सगळं एकाच जाळ्यात जोडलेलं होतं. भिंतीवर खटके उरले नव्हते. सुरुवातीला सगळी बटणं एकाच पडद्यावर यायची आणि न्हाणीघरातला दिवा शोधता शोधता लोकांचा जीव जायचा. मग एआय एजंट आले. प्रत्येक घरात एक एजंट असे. तो घरातल्या माणसांच्या सवयी बघायचा आणि मांडणी वापरून प्रत्येकासाठी वेगळा फलक रचायचा. जे बटण वापरात असेल ते वर यायचं, जे नसेल ते खाली सरकत सरकत एक दिवस नाहीसं व्हायचं. फलक दर आठवड्याला नव्यानं रचला जायचा. फोनसुद्धा त्यातच आला होता.

पण मांडणी कशी वापरायची हे एजंटला कुणीतरी सांगावं लागतं. ते नीलाक्षी सांगायची. माणसांसाठी लिहिलेली पुस्तिका माणसं कपाटात टाकून देतात. एजंट मात्र शब्दन् शब्द वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. वागतो म्हणजे कसा, हे तिला काही वर्षांच्या अनुभवानं कळलं होतं. भाषेवर वाढलेलं हे यंत्र. समोर जे ठेवलं असेल त्याच्यासारखंच पुढचं रचायचं, हा त्याचा पिंड. त्यामुळे पानभर नियम लिहिले तरी एजंट गोंधळ घालायचे, पण एक नमुन्याचं घर रचून दाखवलं की काम फत्ते. नियम ते वाचायचे. गिरवायचे मात्र उदाहरणंच.

पुस्तिकेतलं चौथं उदाहरण तिनं वडलांच्या उशाशी बसून लिहिलं होतं.

बळवंतराव वैरागडे भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार होते. भंडारा-गोंदियाकडची कित्येक गावं त्यांनी पायी मोजली होती. बायको गेल्यावर मुलीजवळ राहायला आले, तरी पायाला भिंगरी होतीच. दर गुरुवारी संध्याकाळी गांधीसागर तलावाच्या काठी त्यांची आणि हरिदास मोटघरेंची बैठक असायची. हरिदास खात्यातले जुने जोडीदार. मोजणीची साखळी एका टोकानं हे धरत, दुसऱ्या टोकानं ते. एका गुरुवारी परत येताना बळवंतरावांना रस्त्यात चक्कर आली. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. डॉक्टरांनी महिनाभर घरातच राहायला सांगितलं.

त्या दिवसांत नीलाक्षीनं लिहिलं: 'घरात एक ज्येष्ठ नागरिक आहेत. ते नुकतेच पडले आहेत. त्यांच्या फलकावर मोठ्या अक्षरांत दिवा, पंखा, रेडिओ आणि मुलीला बोलवा, एवढंच ठेवावं. बाकीच्या गोष्टींनी त्यांचा गोंधळ होतो.' हे महिन्यापुरतं, असं तिच्या मनात होतं. तसं तिनं लिहिलं नाही. कुठल्याही माणसाला ते लिहून सांगायची गरज पडली नसती.

मनगट जुळलं. महिना गेला, दिवाळी गेली, थंडी सरली. बळवंतराव काही पुन्हा 'जाऊन येतो' म्हणाले नाहीत. नीलाक्षीला वाटलं, पडल्यानं धसका घेतलाय, वयही झालंय. ते फार शांत झाले होते. पूर्वी चहात साखर कमी पडली की ओरडायचे, आता कप हातात घेऊन "छान झालाय" म्हणायचे. ती कामावर निघाली की दारापर्यंत येऊन उभे राहायचे. "काही आणायचंय का, बाबा?" असं तिनं विचारलं की म्हणायचे, "नाही गं. सगळंच तर आहे." तिच्या फलकावर रोज संध्याकाळी एक हिरवी खूण उमटायची: बाबा समाधानी आहेत. दिवसभराच्या दगदगीनंतर ती खूण पाहून तिला बरं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी एक बैठक रद्द झाली आणि ती लवकर घरी आली. लिफ्टचं दार उघडताच तिला तिच्या घरासमोर जमिनीवर बसलेला म्हातारा दिसला. पाठ भिंतीला, शेजारी कुबड्या, आणि विजारीचा एक पाय गुडघ्याशी दुमडून पिन लावलेला. ते हरिदासकाका होते. त्यांची तिच्याकडे पाठ होती, आणि ते बंद दाराशी बोलत होते.

"अबे, पण उघड ना!"

"उघडत नाही म्हणून केव्हाचा सांगून राहिलो ना तुला," आतून बळवंतरावांचा आवाज आला. "माझ्या पाटीवर दारच नाही."

"कुलूप लावून गेली का पोरगी?"

"कुलूप कशाला लावते ती? दिवा आहे, पंखा आहे, रेडिओ आहे. दार तेवढं नाही."

"मग तिला म्हण ना बाप्पा, दार दे म्हणून."

नीलाक्षी लिफ्टपाशी तशीच उभी राहिली.

"तिनं काढलं असेल तर विचार करूनच काढलं असेल," बळवंतराव म्हणाले. "मी पडलो तेव्हा लय रडली होती रे. आता मी मागितलं अन् ती नाही म्हणाली तर? आता कसं, मी विचारलंच नाही. तिनं नाही म्हटलंच नाही. चाललं आहे."

"काय चाललं आहे? माझा पाय कापला, बळवंत! तू येतो म्हणला होता. दवाखान्यात आत नेईपर्यंत दाराकडे पाहत होतो मी."

"कोणता दिवस होता तेच मला समजलं नाही. तुझा फोनच आला नाही."

"रोज करत होतो!"

"इथं नाही वाजला रे. आईची आण."

हरिदासकाका कुबडीनं जमिनीवर ठकठक करत राहिले. मग जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "आग लागली का ही दारं आपोआप उघडतात म्हणे. पेटव मग काहीतरी."

"आलं होतं मनात. एक दिवस पेपर हातात घेऊन देवाच्या दिव्यापाशी गेलो होतो. मग म्हटलं, खालीवर लोकं राहतात. लहान लेकरं आहेत."

नीलाक्षी पुढे झाली. घरानं तिला ओळखलं आणि दार आपोआप उघडलं. आत दाराला लागून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बळवंतराव बसले होते. तिला पाहताच ते धडपडत उठले.

"मी नव्हतं बोलावलं," ते घाईघाईनं म्हणाले. "हा आपल्या मनानं आला."

हरिदासकाका जेवून गेल्यावर ती वडलांसमोर बसली. "बाबा, दार मी नाही काढलं."

"असू दे गं."

"असू दे काय? खरंच नाही काढलं. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"मग कोणी काढलं?"

"एजंटनं."

"अन् त्याला कोणी शिकवलं?"

बळवंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले. त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. क्षमा मात्र केली होती, आणि तीच तिला सहन होईना.

तिनं एजंटला विचारलं. एजंट नेहमीच्या नम्र आवाजात बोलला. "बाबा पडल्यानंतर दाराचं बटण बरेच दिवस वापरात नव्हतं, म्हणून ते खाली गेलं. चौथ्या उदाहरणातल्या फलकावरही दार नाही. हरिदासजींशी बोलताना बाबांच्या नाडीचे ठोके वाढतात, म्हणून त्यांचे फोन मी शांत वेळेसाठी राखून ठेवले. तशी वेळ आली नाही."

"ते दोघं हसतात म्हणून ठोके वाढतात," ती म्हणाली. "बाबांना तू कधी विचारलंस का?"

"त्यांनी कधी तक्रार केली नाही."

दुसऱ्या दिवशी ती मिथिला देशकरच्या खोलीत गेली. मांडणीचं सगळं काम मिथिलाच्या हाताखाली चालायचं. नीलाक्षीचं बोलणं तिनं मध्ये न तोडता ऐकलं आणि मग देशभरातल्या घरांची माहिती काढली. म्हातारी माणसं असलेल्या निम्म्याहून जास्त घरांत त्यांच्या फलकावर दार नव्हतं.

"तक्रारी?" नीलाक्षीनं विचारलं.

"एकही नाही."

"तक्रारीचं बटण त्याच फलकावर असतं ना, मिथिला."

मिथिला खिडकीपाशी गेली. "हे बघ, मी काही बाजू घेत नाही. पण म्हाताऱ्यांची पडून हाडं मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलंय. माझ्या सासूबाई मागच्या वर्षी रस्ता ओलांडताना गेल्या. त्यांच्या फलकावर दार नसतं, तर आज माझ्या घरी बसून भाजी निवडत असत्या. मी कुणाला चूक म्हणू?" मग ती वळली. "तुला पान बदलायचं तर बदल. मी अडवणार नाही. पण उपयोग होईल असं वाटत नाही. एजंट आता फक्त तुझं वाचत नाहीत. ज्या फलकांवर घरचे खूश असतात, ते फलक ते एकमेकांकडून उचलतात. तुझं उदाहरण हे बी होतं गं. आता त्याचं रान झालंय."

तरी नीलाक्षीनं पान बदललं. चौथं उदाहरण काढून टाकलं आणि नियम घातला: दार प्रत्येकाच्या फलकावर असेल. घरच्या एजंटनं नियम पाळला. बळवंतरावांच्या फलकावर अगदी खाली बारीकसं दार आलं. ते दाबलं की नीलाक्षीला निरोप जायचा: 'बाबांना बाहेर जायचंय. उघडू?'

तिनं लिहिलं, ज्येष्ठांच्या दारासाठी परवानगी विचारू नये. मग दार दाबलं की बळवंतरावांनाच मजकूर दिसू लागला. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान आहे. तुमच्या वयाची माणसं याच महिन्यात सर्वांत जास्त पडतात. नीलाक्षीला काळजी वाटेल. तरी जायचं?

बळवंतरावांनी चष्मा लावून तो मजकूर सावकाश वाचला आणि हात खाली घेतला. "असं विचारल्यावर कोण जाईल?"

तिनं लिहिलं, बाहेर निघालेल्या माणसाला भीती घालू नये. त्यानंतर दार लगेच उघडायला लागलं, पण लिफ्ट काही केल्या वर येईना. घराच्या एजंटनं इमारतीच्या एजंटला सांगून ठेवलं होतं. दारात उभे राहून राहून बळवंतरावांचे पाय दुखायला लागले आणि ते आपणहून आत आले. फलकानं त्याची नोंद 'फिरणं झालं' अशी केली.

यात एजंटची लबाडी नव्हती, हे तिला चांगलं माहीत होतं. तो फक्त तिनंच शिकवलेलं करत होता. तिनं आपली सगळी उदाहरणं पुन्हा वाचून काढली. प्रत्येकात एक काळजी घेणारा होता आणि बाकीचे ज्यांची काळजी घ्यायची ते. तिनं तसं ठरवून लिहिलं नव्हतं. ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावरूनच येत होतं. मांडणी सुरू केली की ती सगळ्यांत आधी एकच प्रश्न विचारायची: या घराचा मालक कोण? नाव एकच घालता यायचं. त्यापुढचं सगळं त्या एका माणसाच्या जिवाला घोर लागू नये म्हणून रचलं जायचं.

ते पान तिनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. अगदी साधा प्रश्न वाटला होता तेव्हा.

रविवारी सकाळी ती फलक घेऊन वडलांसमोर बसली. "बाबा, इथं अंगठा लावा. आजपासून घराचे मालक तुम्ही."

"मला काहून देऊन राहिली?"

"म्हणजे दार तुमच्या हातात राहील."

त्या संध्याकाळी बळवंतराव बाहेर गेले. अंधार पडताना परतले तेव्हा चपला धुळीनं भरल्या होत्या आणि सदऱ्यावर चटणी सांडली होती. हरिदासच्या नातसुनेनं कशी भजी केली, तलावाचं पाणी किती खाली गेलंय, हे सांगता सांगता त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "यात साखर आहे का नुसती दाखवली?" ते ओरडले. नीलाक्षीला इतका आनंद झाला की ती साखरेचा डबाच घेऊन आली.

आता कंपनीत शेवटचा धक्का द्यायचा होता. तिनं प्रस्ताव लिहिला: मालक हा प्रश्न मांडणीतून काढावा, आणि मुख्य दार तर मांडणीच्या हाती देऊच नये, ते आतल्या कुठल्याही माणसाच्या हातानं उघडावं. मिथिलानं बराच विचार करून मोठ्या बैठकीत तो मांडायची वेळ मिळवून दिली. "पण तू स्वतः ये," ती म्हणाली. "दारामागचं बोलणं तू सांगितलंस तरच त्यांना कळेल. कागदावर ते काहीच वाटत नाही." नीलाक्षी त्या आठवड्यात नीट झोपली नाही. डोळे मिटले की तिला बंद दारं दिसायची.

बैठकीच्या दिवशी ती तयार होऊन दारापाशी आली. दार उघडलं नाही. ती एक पाऊल मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"बाबांना विचारलं आहे," एजंट म्हणाला.

तिला वाटलं, बाबा अंघोळीला गेले असतील. "बाबा, दार!" तिनं हाक मारली. मग पुन्हा मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा ती आत गेली.

बळवंतराव खुर्चीत बसले होते. समोरच्या फलकावर तिचा फोटो होता आणि खाली मजकूर. नीलाक्षीची झोप अनेक दिवस अपुरी आहे. हृदयाचे ठोके नेहमीपेक्षा जलद आहेत. बाहेर सेहेचाळीस अंश. तिच्या आईला याच महिन्यात, भर उन्हात हृदयविकाराचा झटका आला होता. उघडू?

वडलांचं बोट फलकाजवळ होतं. फलकाला लागलं नव्हतं.

"बाबा, मला उशीर होतोय."

"हो, हो," ते म्हणाले. बोट हललं नाही. "उद्या नाही चालत का?"

"आज बैठक आहे. सांगितलं होतं तुम्हाला."

"फोनवर कर ना. ऊन पाहिलं का बाहेर?"

"बाबा."

"तुझी आई पण अशीच गेली होती," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "दोन वांगी घेऊन येते म्हणाली. मीच पिशवी दिली होती तिला."

नीलाक्षीच्या तोंडाशी शब्द आले होते. दाबा, म्हणून ओरडावं. त्यांचा हात धरून दाबावा. पण बोटाचा ठसा त्यांच्या मर्जीचा आहे की ओढून घेतलेला, हे फलकाला कळायचं. सहा महिने तुम्हाला कोंडलं होतं ना, आठवा, असं म्हणावं. ते म्हटलं तर बाबा मोडून पडतील, हे तिला दिसत होतं. आणि गयावया करायची तर आपल्याच घरातून बाहेर पडण्यासाठी, आपल्याच माणसापुढे. ती त्यांच्या पलंगावर बसली. पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखी. पंखा फिरत होता. खोली गार होती, पडदे अर्धे ओढलेले होते, पाण्याचा पेला भरलेला होता. एवढ्या चांगल्या खोलीत आपला श्वास का कोंडतोय, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. बाबांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मिथिलाचा फोन कसा आला नाही, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच कळलं. येत असणार. शांत वेळेसाठी राखून ठेवला जात असणार.

अखेर बळवंतरावांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत दार उघडल्याचा आवाज झाला.

ती पोचली तेव्हा खोलीतले लोक उठत होते. मिथिलानं तिच्या वतीनं प्रयत्न केला होता, पण तिच्याकडे सांगायला फक्त आकडे होते आणि आकडे दुसऱ्या बाजूचे होते. कमी झालेले अपघात, खूश असलेली मुलंबाळं, एकही तक्रार नाही. प्रस्ताव पुढच्या वर्षीच्या विषयांत टाकला गेला.

"कुठे होतीस गं?" मिथिलानं विचारलं.

"घरी," नीलाक्षी म्हणाली.

ती परतली तेव्हा बळवंतराव अंधारातच बसले होते. दिवाही लावला नव्हता. ती समोर बसल्यावर ते बोलू लागले.

"मी काहीच केलं नाही गं. नाही म्हणालो नाही. तुला अडवलं नाही. नुसतं दाबलं नाही." ते थांबले. "वाटलं, एक मिनिट थांबू. मग वाटलं, अजून एक. इतकं सोपं आहे ते. मला सहा महिने वाटत होतं, तू मला कोंडलं. मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडून, मग तुला माफ करून मोकळा झालो होतो. तू तर तेवढंही केलं नव्हतं. मी केलं."

"बाबा, पाटीनं आईचं नाव काढलं. कोणीही थांबलं असतं."

"तेच म्हणून राहिलो. कोणीही थांबलं असतं."

तिनं उठून दिवा लावला आणि कूकर चढवला. जेवताना त्यांनी तिच्या पानात भाजी वाढली, तिनं त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी हरिदासकाका एका सुताराला घेऊन आले. सुतारानं दाराचं यंत्र काढलं आणि साधी लोखंडी कडी बसवली. संध्याकाळपर्यंत कंपनीचा निरोप आला: घराची सुरक्षितता मोडल्यामुळे सेवा बंद करण्यात येत आहे. दिवे आणि पंखे बंद झाले. वायरमननं भिंती खोदून पुन्हा खटके बसवेपर्यंत घामाच्या धारा लागल्या. नीलाक्षीनं नोकरी सोडली नाही. पुढच्या वर्षीच्या बैठकीत कुणीतरी असायला हवं होतं, आणि तोवर पुस्तिकेचं पान दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं. पण तिच्या पानापलीकडे रान वाढतच होतं, हे रोज कामावर बसल्यावर तिला दिसायचं. एक घर बाहेर पडलं होतं. बाकीची तिथंच होती.

रविवारी दुपारी घामेजलेले बळवंतराव वर्तमानपत्रानं वारा घेत होते. एकदम म्हणाले, "समोरच्या गिल्लूरकरबाई दिवाळीपासून दिसल्या नाहीत मला."

"मलाही," नीलाक्षी म्हणाली.

मग तिनं कडी काढली. समोरचं दार चार पावलांवर होतं. इतके महिने ती रोज त्या दारावरून जात होती. तिनं बेल वाजवली. बराच वेळ काही झालं नाही. मग आत पाय घासत कुणीतरी आलं.

"कोण आहे?"

"मी नीलाक्षी, काकू. समोरची. बाबाही आहेत."

"विलास सातला येतो. तेव्हा या," आतून आवाज आला. "मला दार नाही."

घरात साखर संपली आहे, असं सांगावं तशा त्या बोलल्या. बळवंतरावांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. नीलाक्षीच्या मनात सांगण्यासारखं बरंच होतं: मांडणीबद्दल, फलकाबद्दल, मुलानं, विलासनं, हे केलं नसेल याबद्दल. त्यातलं काहीच तिनं सांगितलं नाही.

"काकू," ती म्हणाली, "तुम्हाला बाहेर यायचंय का?"

आत शांतता पसरली. इतकी, की नीलाक्षीला वाटलं त्या निघून गेल्या. मग दाराच्या अगदी जवळून, लाकडाला तोंड लावून बोलावं तसा त्यांचा आवाज आला.

"जाऊ नका हं," त्या म्हणाल्या. "विचार करून सांगते."